संगणकाची स्मरणशक्ती
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. दसरा झाला की आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतले थोडे पैसे वडिलांनी माझ्या हाती ठेवले आणि एक जुना संगणक घरी आला. तो चालू करून भांडी घासून यावे, तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. 'रॅम वाढव,' असे एकाने सुचविले. मी तालुक्याला जाऊन 'चार जीबीची रॅम द्या' म्हणाले, पैसे मोजले आणि परतले. घरी पाहते तो ती पट्टी खाचेत बसेचना! दुकानदाराने ती परत घेतली नाही. रात्री वडिलांनी फोनवर विचारले, "बसली का?" मला उत्तर देता आले नाही.

मित्रहो, त्या चुकीतून जे शिकले ते येथे मांडते.

प्रथम रॅम म्हणजे काय ते पाहू. हार्ड डिस्क ही धान्याची कणगी, तर रॅम ही भाकरीचे पीठ मळण्याची परात होय. कणगी कितीही भरलेली असो, परात लहान असेल तर काम थोडे थोडेच होणार. रॅम भरली की संगणक तिच्यात न मावणारा मजकूर डिस्कवर ठेवतो व लागेल तसा परत आणतो. ह्या येरझाऱ्यांमुळेच तो मंदावतो. आज वापरात असलेल्या रॅमचे मूळ तत्त्व आय.बी.एम.मधील रॉबर्ट डेनार्ड यांचे. त्यांना १९६८ साली त्याचे पेटंट मिळाले. त्यात प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर व विद्युत्भार साठविणारा एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. हा भार गळत राहतो, म्हणून सेकंदात अनेकदा तो पुन्हा भरावा लागतो. आपण पाढे घोकतो, तसेच हे! वीज गेली की घोकणे थांबते आणि सारे विसरले जाते.

आता निवडीविषयी. रॅमच्या पिढ्या आहेत : डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५. डीडीआर-३ ला २४० पिना व साधारण १.५ व्होल्ट लागतात. डीडीआर-४ ला २८८ पिना व १.२ व्होल्ट, डीडीआर-५ ला पिना २८८ च, पण १.१ व्होल्ट. प्रत्येक पिढीच्या पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. माझा संगणक डीडीआर-३ चा होता आणि मी आणली डीडीआर-४! लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी जुनी पट्टी काढून तिच्यावरील चिठ्ठी उतरवून घ्यावी. मदरबोर्डाचे नाव पाहून तो जास्तीत जास्त किती रॅम पेलतो आणि रिकाम्या खाचा किती, हेही पाहावे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडला की रॅम किती भरली आहे ते दिसते. ती भरतच नसेल, तर दोष दुसरीकडे आहे. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे अधिक उपयोगाचे ठरेल.

पट्टी बसविताना संगणक बंद करून वायर काढावी व पेटीच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरते. खाच जुळवून दोन्ही टोके दाबावीत. कडी 'कट्' असा आवाज करते. सारख्या दोन पट्ट्या असल्यास मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडखाचांतच घालाव्यात. त्यामुळे दोन मार्गांनी एकाच वेळी देवघेव होते. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात, बैलजोडीसारख्या.

पुढे मी चार जीबीची योग्य पट्टी, जुनी का होईना, मिळविली. आधीची दोन धरून सहा जीबी झाली. पण संगणक सव्वातीनच्या आसपासच दाखवी! कारण त्यातील विंडोज ३२ बिटांची होती आणि तिचा हिशेब चार जीबीपलीकडे जात नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ माझ्या जुन्या यंत्राला स्वीकारत नाही. म्हणून एका मित्राच्या मदतीने ६४ बिटांची मोफत लिनक्स प्रणाली घातली. मग सहाही जीबी दिसू लागल्या.

हा लेख मी त्याच संगणकावर टाइप केला आहे. चुकीची पट्टी अजून माझ्या पेटीत आहे. तिच्या किमतीत किती उसाच्या मोळ्या मावतात, हे मला ठाऊक आहे. दुकानदाराला दोष देण्याआधी मला एवढे कबूल केले पाहिजे, की मी प्रश्नच अर्धा विचारला होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी विचारायला जाणते कोणी नसते. म्हणूनच हे लिहिले. पुढच्यास ठेच लागली आहे. मागच्यांनी शहाणे व्हावे.