‘अक्का’चा नकाशा आणि गाळलेली घरे

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत थोरल्या बहिणीला ‘ताई’ म्हणतात की ‘अक्का’, याच्या नोंदी मी विद्यार्थ्यांना घेऊन केल्या होत्या. ‘अक्का’ कन्नडातही आहे, आपल्या दक्षिणेकडच्या मराठीतही, म्हणून कुतूहल. नोंदी संगणकावरच्या नकाशात भरल्या. प्रत्येक घर एक ठिपका. वयोगट निवडला की ठिपके बदलत, वस्ती निवडली की नकाशा जवळ येई. अशा हलत्या नकाशाची मोहिनी मोठी असते. तासाभरात माझा निष्कर्ष तयार : तरुण पिढीत ‘अक्का’ जवळजवळ उरलेली नाही. एका चर्चासत्रात मी तो पडद्यावर दाखवलाही.

श्रोत्यांतून एक आजी उठल्या. “माझ्या नाती अजून अक्काच म्हणतात की! आमचा ठिपका कुठं गेला?”

त्यांचे घर आमच्या वहीत होते, नकाशात नव्हते. का, ते मला सांगता येईना.

वही आणि नकाशा ताडून पाहण्यात चार दिवस गेले, तेव्हा उलगडा झाला. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून, दोन्ही शब्द सांगणारी घरे मी अगदी सुरुवातीलाच गाळली होती. आजींच्या घरी थोरली नात अक्का आणि मधली ताई! (आमच्या नोंदींत अशीच घरे अधिक होती. दुभाषी गावात दुसरे काय अपेक्षित होते?) पुढे इतके काही निवडत गेले की ती पहिली चाळणी अजून लागलेली आहे, हेच विसरले.

माहितीचे चित्र हाताळताना आपण निवडतो, गाळतो, मोठे करतो, मागे येतो. या कृतींची क्रमवार नोंद म्हणजे कृति-इतिहास. बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये अशा चित्रणाची सात कामे सांगितली. समग्र दर्शन, जवळून पाहणे, गाळणे यांच्या पंक्तीला त्यांनी ‘इतिहास’ही बसवला. नुसत्या ‘अनडू’ने तो साधत नाही. दहा पावले जाऊन पाच मागे आलात आणि तिथून नवी वाट धरलीत, की जुन्या वाटेची पाच पावले सहसा पुसली जातात. इतिहास झाडासारखा, फांद्यांसह ठेवला तर दोन्ही वाटा राहतात. युटा विद्यापीठात घडलेल्या ‘व्हिसट्रेल्स’ प्रणालीत तो तसा ठेवला जाई. जेफ्री हीर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये टप्प्याटप्प्याची छोटी चित्रे जपण्याची रीत मांडली. ‘चाळणी लावली’ या नोंदीपेक्षा त्या क्षणीचे चित्र चटकन ओळखू येते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही शिस्त परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडावी. वर स्वीकारलेला पाठ; खाली पाठभेद, कोणत्या पोथीत काय, यासकट. सुकथनकरांचा निर्णय न पटणाऱ्यालाही त्या तळटिपांच्या आधारे त्यांच्याशी वाद घालता येतो. माझ्या नकाशाशी वाद घालायला आजींच्या हाती काहीच नव्हते.

मात्र यंत्र कृती नोंदवते, हेतू नाही. ‘दोन्ही शब्दांची घरे वगळली’ एवढे ते लिहील. ‘चित्र स्वच्छ दिसावे म्हणून’ हे मलाच लिहावे लागते, आणि लिहिताना थोडी लाजही वाटते. नकाशा आता नव्याने केला आहे. दोन्ही शब्दांच्या घरांना तिसरा रंग दिला असून लावलेल्या चाळण्यांची यादी, कारणांसह, शेजारीच उघडते. आजींचा ठिपका त्या तिसऱ्या रंगात आहे.