राजाचं पत्र येतं तेव्हा

पडद्यावर एक गलबत. सन १४९२. सभोवती निळा समुद्र आणि पश्चिमेला नुसता काळोख, कारण तिकडचा नकाशा अजून कुणी काढलेलाच नाही. गलबतात दोनच माणसं. एकाजवळ अवजारं, दुसऱ्याजवळ बंदूक. चार-पाच खेळ्यांत काळोखातून हिरवी किनारपट्टी उलगडते, तुम्ही गलबत किनाऱ्याला लावता, आणि ‘इथे वस्ती करा’ एवढा एक हुकूम देता. पुढची तीनशे वर्षं तुमच्या हातात असतात.

हा ‘कोलोनायझेशन’ नावाचा संगणक-खेळ. १९९४ साली मायक्रोप्रोज कंपनीने काढलेला. खोक्यावर नाव सिड मायर यांचं असलं तरी त्याची मुख्य रचना ब्रायन रेनॉल्ड्स यांची. इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश किंवा डच यांपैकी एकाच्या वतीने अमेरिकेत वसाहती वसवायच्या आणि शेवटी आपल्याच राजापासून स्वतंत्र व्हायचं, हा डाव. तीस वर्षं उलटून गेली, चित्रं आता ठोकळेबाज वाटतात, तरी मला या खेळाचं नवल वाटायचं थांबत नाही. स्वतंत्र व्हायचंय हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, पण तशी इच्छा सुरुवातीला मनात नसते. ती कोणी भाषण देऊन जागी करत नाही. ती वाढते जमाखर्चातून.

एक वसाहत जवळून पाहू. नदीकाठचं चिमुकलं गाव, भोवती शेताचे आठ तुकडे. प्रत्येक माणूस म्हणजे बोटभर चित्र, त्याला उचलून शेतात ठेवायचं. प्रत्येकाला दर खेळीला दोन माप धान्य लागतं, तेव्हा एक जण मक्याच्या शेतात आणि एक जण मासेमारीला हवाच. उरलेले तंबाखूत. वखारीत शंभर माप माल मावतो, त्यावरचा सडून जातो. म्हणून गलबताची वाट बघत बसायचं नाही, वखार वाढवायची किंवा तंबाखूचे सिगार वळायचे. उसाची रम, कापसाचं कापड, कातड्यांचे कोट, खनिजाची अवजारं आणि अवजारांच्या बंदुका, अशा साखळ्या हळूहळू जुळत जातात. गावात तंबाखूतला कसबी नसेल तर? मग माणसाला मूळ रहिवाशांच्या गावी पाठवायचं. तिथे तो शिकून येतो. गोऱ्या वसाहतवाल्यांची पहिली शाळा रेड इंडियनांच्या शेतात भरली होती, ही गोष्ट इतिहासाची पुस्तकं एका वाक्यात उरकतात. इथे ती खेळाच्या पोटात आहे, तिच्यावाचून पान हलत नाही.

माल भरला की गलबत युरोपला. पहिली खेप चढ्या भावाने जाते. दुसरी, तिसरी खेप गेली की भाव उतरतो, कारण बाजार तुम्हीच भरून टाकलेला असतो. आणि माल विकायला दुसरी मोठी पेठ नाही. हे रेनॉल्ड्स यांच्या कल्पनेतलं नाही. इंग्लंडने १६६० साली कायदाच केला होता की वसाहतींतली साखर, तंबाखू, कापूस हा माल इंग्लंडला किंवा इंग्रजांच्याच दुसऱ्या वसाहतीला जाईल, इतर कुठे नाही. कच्चा माल वसाहतीने पिकवायचा, नफा मायदेशाने ठेवायचा. आपल्याला ही रीत चांगली ओळखीची आहे.

मग एक दिवस राजाचं पत्र येतं. महाराजांचं पुन्हा लग्न झालंय, त्या आनंदाप्रीत्यर्थ करात वाढ. दोन पर्याय. एक, राजाच्या करंगळीतल्या अंगठीचं चुंबन घ्यायचं आणि कर भरायचा. दुसरा, ज्या मालाचं नाव पत्रात आहे तो बंदरात बुडवायचा. पहिल्यांदा सगळेच अंगठीचं चुंबन घेतात. दोन टक्क्यांनी काय बिघडतं? पण पत्रं येतच राहतात, आणि कर वाढत वाढत अशा जागी पोचतो की शंभर माप सिगार विकून हाती काय उरलं हे बघताना खरोखरच संताप येतो. तेव्हा माल समुद्रात जातो. कर तेवढ्यापुरता टळतो, पण तो माल युरोपच्या पेठेत बंद होतो. मागची थकबाकी भरली तरच पेठ उघडते. आता तुम्ही राजाचे कारभारी राहिलेले नसता.

या प्रसंगाचं मूळ सगळ्यांना माहीत आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या. पण त्या पेट्या कोणाच्या होत्या, हे आपण विसरतो. त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. मुंबई बंदर जिच्या ताब्यात होतं, नारायणरावांच्या खुनानंतर जिने राघोबादादांना हाताशी धरलं, तीच कंपनी. तिच्या वखारींत न खपलेला चीनचा चहा साठला होता आणि ती कर्जात होती. तिला सावरण्यासाठी पार्लमेंटने १७७३ चा चहाचा कायदा केला आणि ठिणगी पडली ती बॉस्टनला.

राग जमला तरी बंड लगेच होत नाही. गावच्या सभागृहात माणसं बसवली की ती घंटा ‘पिकवतात’. होय, ऊस पिकवावा तशा स्वातंत्र्याच्या घंटा. त्यांची संख्या वाढेल तसा गावातला बंडखोरांचा टक्का चढतो. गावातले निम्मे लोक बंडाच्या बाजूचे झाले की तिथला प्रत्येक हात जास्त माल काढू लागतो. सगळ्या वसाहती मिळून पन्नास टक्के झाले की स्वातंत्र्य जाहीर करता येतं. विचार ही फुकट मिळणारी वस्तू नाही, त्यासाठी शेतातून माणूस काढून सभेत बसवावा लागतो आणि तेवढं पीक बुडतं, हे मी इतक्या सोप्या हिशेबात दुसरीकडे मांडलेलं पाहिलेलं नाही.

याच घंटांच्या जोरावर वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधी-सभेत, एकेक थोर माणूस दाखल होतो. एकूण पंचवीस. कधीही अमेरिकेला न गेलेला अ‍ॅडम स्मिथ आला की कारखाने बांधता येतात. त्याचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, १७७६ साली निघाला होता. १७८३ साली जन्मलेला सिमोन बोलिव्हार इथे आपल्या जन्माच्या कितीतरी आधी येऊन बसू शकतो. काळाची ही सरमिसळ मला खटकत नाही, खेळाला तेवढी मोकळीक असावी.

नकाशावर मूळ रहिवाशांच्या आठ जमाती आहेत. इंका, अ‍ॅझ्टेक, अरावाक, तुपी, इरोक्वा, चेरोकी, अपाचे, सू. ही नावं आपल्याला परकी वाटतात. पण ‘काजू’ हा शब्द ब्राझीलच्या तुपींचा. पोर्तुगीजांनी तो उचलला, झाडासकट गोव्याला आणला, आणि आज कोकणात काजूची बी फोडणाऱ्या बाईच्या तोंडी तो आहे. ‘बटाटा’ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, म्हणजे अरावाक भाषाकुळातला. बेटांवरच्या त्या लोकांची बहुसंख्या कोलंबसानंतरच्या काही दशकांत रोगराईने आणि वेठबिगारीने संपली. त्यांचा शब्द आपल्या भाजीबाजारात रोज ओरडला जातो.

आता या खेळाची सगळ्यात मोठी उणीव. यात गुलाम नाहीत. मुदतीच्या कराराने बांधलेले गोरे मजूर आहेत, तुरुंगातून आणलेले किरकोळ गुन्हेगार आहेत, त्यांना शाळेत घालून सुधारताही येतं. उसाच्या मळ्यात राबणारा आफ्रिकी माणूस मात्र कुठेच नाही. खरा हिशेब असा: सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली, त्यांतली १८ लाखांच्या आसपास वाटेतच मेली. उरलेल्यांपैकी बहुतेक ब्राझीलला आणि कॅरिबियन बेटांवर उतरवली गेली, मुख्यतः उसासाठी. खेळात शंभर माप साखर गलबतावर चढते तेव्हा तिच्या मागे हसतमुख मळेवाला दिसतो. करवाढ इतक्या बारकाईने मांडणाऱ्या खेळाने हे गाळलं, आणि मला ती चूक माफ करता येत नाही. जो हिशेब इतका खरा वाटतो, त्याच्या खर्चाच्या बाजूचं सगळ्यात मोठं पानच फाडलेलं आहे.

शेवटी युद्ध. स्वातंत्र्य जाहीर केलं की राजाची फौज समुद्रावरून येते, आणि तुम्ही वर्षानुवर्षं जमवलेले घोडे, बंदुका, तोफा तेव्हा कामी येतात. घंटा वाजत्या ठेवल्या तर एखादी परकी सत्ता तुमच्या मदतीला धावते. अमेरिकेच्या खऱ्या स्वातंत्र्ययुद्धात ही मदत फ्रेंचांनी केली. त्यांच्या आरमाराने समुद्राची वाट अडवली, यॉर्कटाउनला इंग्रज सैन्य कोंडलं गेलं आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी सात हजारांहून अधिक सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली.

खेळ इथे संपतो. त्या सैन्याच्या सेनापतीची गोष्ट मात्र संपली नाही. त्याचं नाव लॉर्ड कॉर्नवॉलिस. १७८६ मध्ये तो गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूशी तह झाला तेव्हा त्याच्या बाजूला हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती. १८०५ मध्ये तो दुसऱ्यांदा त्याच पदावर आला, दोन-तीन महिन्यांतच वारला, आणि गाझीपूरला गंगेकाठी त्याची कबर आजही आहे.