उत्तर अमेरिकेची वृक्षसंपदा (लेखांक सहावा) : शुगर मेपलची ओळख

कॅनडाच्या राष्ट्रध्वजावर १५ फेब्रुवारी १९६५ पासून झळकणारे तांबडे पान जगाच्या इतके परिचयाचे झाले आहे की, मेपल ओळखावयास पानाची आकृती पुरेशी आहे असा समज सहज रूढ व्हावा. परंतु ते अकरा टोकांचे पान चित्रकाराने घडविलेली प्रतिमा आहे, कोणत्याही एका जातीचा हुबेहूब दाखला नव्हे. आपल्याकडील जो प्रवासी काश्मीर पाहून येतो, तो तर हाताच्या पंजासारख्या पानावरून चिनारालाच मेपल ठरवून मोकळा होतो. या दोहोंचा निवाडा पानापेक्षा फांदीवर अधिक खात्रीने होतो : चिनाराची पाने एकाआड एक फुटतात, मेपलची समोरासमोर, जोडीने.

मेपलची खातरजमा झाल्यावर त्यांतला शुगर मेपल, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील एसर सॅकरम, निवडावयाचा. याच्या पानास बहुधा पाच खंड असतात, त्यांच्या मधल्या खाचा तळाशी गोलसर असतात, आणि टोकांच्या दरम्यानची कडा गुळगुळीत असते. लाल मेपलची कडा दंतुर व खाचा टोकदार, तर रुपेरी मेपलचे पान खोलवर चिरलेले व खालच्या अंगास पांढुरके. खरी फसवणूक करतो तो युरोपातून आणून शहरांच्या रस्त्यांकडेला लावलेला नॉर्वे मेपल. त्याचे पान तोडून देठ दाबावा. दुधासारखा चीक आला की संशय फिटला, कारण शुगर मेपलच्या देठात तसा चीक नसतो. निष्पर्ण हिवाळ्यात साक्ष द्यावयास कळ्या असतातच : शुगर मेपलच्या तपकिरी व अणकुचीदार, लाल मेपलच्या तांबूस व बोथट. काळ्या मेपलचा मामला मी मुद्दाम बाजूस ठेवतो. त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा द्यावा की नाही, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांतच एकमत नाही.

या वृक्षाची हद्द पूर्वेस नोव्हा स्कोशियापासून क्वीबेक व ओंटारिओच्या दक्षिण भागांतून पश्चिमेस मिनेसोटापर्यंत आणि दक्षिणेस टेनेसीच्या डोंगरांपर्यंत पोहोचते. खोल, सुपीक, पाण्याचा निचरा होणारी जमीन त्याला मानवते. दलदल, तुडवलेली माती आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ त्याला सोसत नाही, म्हणून गजबजलेल्या हमरस्त्यालगत तो दिसला तर आधी नॉर्वे मेपलचा संशय घ्यावा. बीच, पिवळा बर्च व हेमलॉक हे त्याचे रानातले नेहमीचे शेजारी.

मात्र त्याचे सर्वांत विलक्षण सामर्थ्य सावली सोसण्यात आहे. शरदात पिकलेले सपक्ष बीज थंडीचे दीर्घ दिवस काढल्यावाचून रुजत नाही, आणि वसंतारंभी गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानातच अंकुरते. मग ते रोप घनदाट छायेत वर्षानुवर्षे जेमतेम वाढत राहते आणि एखादा जुना वृक्ष कोसळून वर आकाश मोकळे झाले की झपाट्याने उंच होते. पूर्ण वाढीचा वृक्ष २५ ते ३५ मीटरपर्यंत जातो व तीनशे वर्षे सहज जगू शकतो. थंडीची ही अट पाहता, सह्याद्रीत त्याचे बी पेरण्याचा उत्साह कोणी न दाखवावा हेच बरे.

रात्री गोठण व दिवसा ऊब अशा हवेत या खोडातून रस वाहतो, आणि साधारण ४० लिटर रस आटवून १ लिटर पाक हाती येतो. तो हिशेब पुढील लेखांकी.