समभुज, समद्विभुज, विषमभुज : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेत भूमितीशी मुलाची खरी ओळख होते ती बहुधा त्रिकोणाच्या प्रकारांपासून; आणि तिन्ही बाजू समान असल्यास समभुज, दोन समान असल्यास समद्विभुज आणि एकही जोडी समान नसल्यास विषमभुज, ही तीन वाक्ये एकदा मुखोद्गत झाली, की या प्रकरणात आता समजून घेण्यासारखे काही उरले नाही, अशी विद्यार्थ्याची, आणि खरे सांगावयाचे तर त्याच्या पालकांचीही, कायमची समजूत होऊन बसते. विषय सोपा वाटतो म्हणूनच त्यात शिरलेले गैरसमज कोणी तपासून पाहत नाही, आणि समभुज त्रिकोण हा समद्विभुजही असतो की नाही, असे विचारले असता चांगला पदवीधर मनुष्यही क्षणभर अडखळतो.

पहिला गैरसमज प्रकारांच्याही आधीचा आहे, आणि तो असा की कोणत्याही तीन लांब्या सांगितल्या म्हणजे त्यांचा त्रिकोण होतोच. ४, ५ आणि १० अशा बाजूंचा त्रिकोण कोणत्या प्रकारचा, या प्रश्नाला तिन्ही आकडे वेगळे दिसताच ‘विषमभुज’ असे उत्तर देऊन बहुतेक लोक मोकळे होतात. वस्तुतः असा त्रिकोण नाहीच; कारण कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी असल्यावाचून त्रिकोण संभवत नाही, आणि ४ व ५ यांची बेरीज १० पर्यंत पोहोचतच नाही. युक्लिडने आपल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातील विसाव्या विधानात ही गोष्ट रीतसर सिद्ध केली, तेव्हा एपिक्युरसच्या अनुयायांनी तिची टवाळी केली होती, असे पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस सांगतो. गवताची पेंडी समोर दिसली की गाढवही वळसा न घेता सरळ रेषेतच चालत जाते. मग जे गाढवाला कळते ते सिद्ध करण्याचा खटाटोप कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. एखादी गोष्ट खरी आहे हे दिसणे निराळे आणि ती का खरी आहे हे जाणणे निराळे, असे प्रोक्लसने त्यांना उत्तर दिले आहे, आणि मला तरी ते पुरेसे वाटते.

याच प्रश्नावर आपल्याकडील भास्कराचार्यांचा पवित्रा मात्र अगदी वेगळा, आणि काहीसा गमतीचा आहे. इसवी सन ११५० च्या ‘लीलावती’त त्यांनी असे सांगून ठेवले आहे, की सरळ बाजूंच्या ज्या आकृतीत उरलेल्या बाजूंची बेरीज एका बाजूपेक्षा कमी किंवा तिच्याइतकीच भरते, तिला ‘अक्षेत्र’ समजावे. आणि असली आकृती उदाहरणादाखल पुढे करणाऱ्याला त्यांनी सरळ सरळ धृष्ट म्हटले आहे. त्यांनी घेतलेले त्रिभुजाचे उदाहरण ३, ६ आणि ९ या बाजूंचे आहे, आणि त्याची निवड मार्मिक आहे. कारण येथे बेरीज कमी पडत नाही, ती नेमकी बरोबरीला येते, आणि तरीही क्षेत्र निर्माण होत नाही. ज्याला हे पटत नसेल त्याच्यासमोर त्या त्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवाव्या, असाही त्यांचा आदेश आहे. ३ आणि ६ मापाच्या काड्या ९ मापाच्या काडीवर निमूटपणे आडव्या होतात, आणि शंका घेणाऱ्याला अधिक बोलण्यास जागा उरत नाही. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापन केल्याचा १२०७ सालचा शिलालेख आजही आपल्याला वाचावयास मिळतो, त्या आचार्यांनी इतक्या साध्या मुद्द्यासाठी काड्या हाती घ्याव्या, यात त्यांच्यातील शिक्षकाचे दर्शन घडते.

या कसोटीतून समभुज त्रिकोण तेवढा पूर्णपणे मुक्त आहे. लांबी कोणतीही घ्या, तीन सारख्या काड्यांचा त्रिकोण होणारच. समद्विभुजाचा पाया समान बाजूच्या दुपटीहून लहान असावा लागतो, म्हणून ५, ५ आणि १० हाही समद्विभुज नव्हे, अक्षेत्रच होय. विषमभुजाच्या बाबतीत सर्वांत मोठी बाजू उरलेल्या दोहोंच्या बेरजेशी ताडून पाहिली म्हणजे काम भागते.

आता ज्याच्यावर सर्वांत अधिक वाद होतो त्या प्रश्नाकडे वळू. समभुज त्रिकोण समद्विभुज असतो काय? नाही, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने साक्षात युक्लिड उभा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कारण पहिल्या भागातील विसाव्या व्याख्येत त्याने समद्विभुजाच्या दोनच बाजू समान असतात असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या प्राचीन गणितींनीही सम, द्विसम आणि विषम असे त्रिभुजाचे तीन भेद केले आहेत. खानेसुमारीच्या तक्त्यात जसा प्रत्येक इसम एकाच रकान्यात मांडावयाचा असतो, तसा प्रत्येक त्रिकोण एकाच रकान्यात बसावा, अशी या वर्गीकरणामागील दृष्टी होती. अर्वाचीन गणिताने मात्र ही व्याख्या बदलून ‘किमान दोन बाजू समान’ अशी केली आहे, आणि त्या व्याख्येप्रमाणे प्रत्येक समभुज त्रिकोण हा समद्विभुजही ठरतो. यावर कोणी म्हणेल की व्याख्या हा संकेताचा भाग आहे, त्यात खरेखोटे कसले? हे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. तथापि एक संकेत दुसऱ्यापेक्षा अधिक सोयीचा असू शकतो, आणि येथे सोय कोणत्या बाजूला आहे हे खुद्द युक्लिडच्याच ग्रंथात पाहावयास मिळते.

समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात, हे पहिल्या भागातील पाचवे विधान. पुढे चौथ्या भागाच्या पंधराव्या विधानात वर्तुळात सुसम षट्कोन काढताना समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन समान आहेत असे युक्लिडला म्हणावयाचे होते, आणि त्याचे कारण देताना त्याने काय लिहिले, तर समद्विभुज त्रिकोणात पायाजवळचे कोन समान असतात म्हणून! म्हणजे व्याख्येच्या दारातून ज्याला त्याने बाहेर काढले, त्यालाच सिद्धतेच्या वेळी मुकाट्याने आत घेतले. हे त्याचे स्खलन आहे असे मला वाटत नाही. सिद्धतेला दोन बाजूंच्या समानतेपलीकडे काही लागत नाही, तिसरी बाजू समान असो वा नसो, युक्तिवाद तसाच चालतो, आणि गणिती मनुष्य अशा वेळी व्याख्येच्या शब्दांपेक्षा युक्तिवादाच्या ओढीला अधिक मानतो. पॅपस या ग्रीक गणितीने पाचव्या विधानाची जी सिद्धता दिली ती तर फारच सुटसुटीत आहे : अबक त्रिकोणात अब आणि अक समान असतील, तर तोच त्रिकोण एकदा अबक आणि एकदा अकब असा वाचावा, दोन बाजू आणि त्यांमधील कोन जुळतात, म्हणून त्रिकोण स्वतःशीच उलटा एकरूप होतो आणि पायाचे कोन समान ठरतात. यात बक या बाजूचा उल्लेख करण्याची गरजही पडत नाही. समभुजाला समद्विभुजांतून वगळल्यास हीच सिद्धता त्याच्यासाठी पुन्हा स्वतंत्रपणे लिहावी लागेल. म्हणून परीक्षेत समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापणे हे, माझ्या मते, अन्यायाचे आहे. पाठ्यपुस्तकाने ‘दोनच’ अशी व्याख्या उघडपणे केली असेल तर गोष्ट निराळी.

दुसरा मोठा गैरसमज डोळ्यांवर विसंबण्याचा. समद्विभुज म्हणजे ज्याची असमान बाजू खाली आडवी आणि शिरोबिंदू मध्यभागी वर, असे चित्र पुस्तकांनी मनावर इतके ठसवलेले असते, की तोच त्रिकोण कुशीवर निजवला तर त्याला विषमभुज ठरवणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात सापडतात. बाजूंची लांबी कागद फिरवल्याने बदलत नाही, एवढे सांगून हे सोडून देता येईल. पण नजरेची फसवणूक याहून सूक्ष्मही असते. आलेखपत्रावर ८ घरे लांबीचा पाया घ्यावा, त्याच्या मध्यापासून ७ घरे वर शिरोबिंदू घ्यावा आणि तिन्ही बिंदू जोडावे. होणारा त्रिकोण कोणालाही समभुज वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या तिरप्या बाजूंची लांबी ६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे ८.०६ घरे आहे. तो समद्विभुज आहे, समभुज नव्हे. आणि याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की आलेखपत्र कितीही मोठे आणि कितीही बारीक घरांचे घेतले, तरी तिन्ही शिरोबिंदू रेषांच्या छेदांवरच पडतील असा समभुज त्रिकोण त्यावर काढताच येत नाही. अशा छेदबिंदूंवरील त्रिकोणाचे क्षेत्रफळ घरांच्या मापात नेहमी पूर्णांक किंवा अर्ध्याच्या पटीत येते; उलट समभुजाचे क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाला ३ च्या वर्गमुळाने गुणून ४ ने भागले असता मिळते, बाजूचा वर्ग येथे पूर्णांक असतो, आणि ३ चे वर्गमूळ अपरिमेय; सबब ही दोन्ही क्षेत्रफळे कधीही जुळू शकत नाहीत.

आकृतीवर विसंबल्याने केवळ माप चुकते असे नव्हे, सिद्धताही चुकते. प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो, अशी एक कुप्रसिद्ध सिद्धता राउज बॉल यांनी आपल्या १८९२ च्या गणितरंजनाच्या ग्रंथात दिली आहे. अ या शिरोबिंदूचा कोनदुभाजक आणि बक या पायाचा लंबदुभाजक जेथे मिळतात त्या बिंदूपासून अब आणि अक यांवर लंब टाकावे. एकरूप त्रिकोणांच्या दोन जोड्या मिळतात, समान खंडांत समान खंड मिळवले जातात, आणि अब व अक समान असल्याचे निष्पन्न होते. प्रत्येक पायरी निर्दोष भासते, आणि एकरूपतेपुरती ती निर्दोष आहेही. दोष आहे तो आकृतीत. तो छेदनबिंदू आपण सहजच त्रिकोणाच्या आत काढतो. विषमभुज त्रिकोणात तो नेहमी बाहेर, पायापलीकडे परिवर्तुळावर पडतो, आणि दोन लंबांपैकी एक मोठ्या बाजूवर, तर दुसरा लहान बाजूच्या वाढवलेल्या भागावर येतो. म्हणून एका बाजूसाठी खंडांची बेरीज तर दुसरीसाठी वजाबाकी करावी लागते, आणि सारा चमत्कार तेथेच संपतो.

बाजूंवरून एक प्रकार ठरला की कोनांवरून दुसरा ठरत नाही, अशीही एक समजूत आढळते. कंपासपेटीतील दोन गुण्ये हातात घेतले तरी ती दूर व्हावी. दोन्ही काटकोन त्रिकोण, परंतु ४५ अंशांचा समद्विभुज आणि ३० व ६० अंशांचा विषमभुज. तीन आणि तीन मिळून नऊ जोड्या होतात, त्यांतील सात संभवतात. समभुजाचा प्रत्येक कोन ६० अंशांचाच असल्याने तो काटकोन वा विशालकोन होऊ शकत नाही, म्हणून दोन गळतात. मात्र समान बाजूंपासून समान कोनांकडे जाण्याची ही सवलत त्रिकोणापुरतीच. समभुज चौकोनाच्या चारही बाजू समान असूनही त्याचे कोन समान असावयास पाहिजेत असे नाही. समद्विभुज त्रिकोण लघुकोनच असतो असे मानणाऱ्यांनी ५, ५, ६ आणि ५, ५, ८ हे दोन त्रिकोण शेजारी काढून पाहावे. पहिला लघुकोन आहे, दुसरा विशालकोन. आणि दोन्हींचे क्षेत्रफळ मात्र १२ च आहे, कारण ३, ४, ५ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण एकदा उभे आणि एकदा आडवे जोडूनच ते बनले आहेत.

क्षेत्रफळाचा विषय निघाला म्हणून सांगावयास हवे, की परिमिती सारखी असली म्हणजे क्षेत्रफळही सारखे, ही समजूत निव्वळ शालेय नाही. जमिनीची वाटणी करताना लांब परिमितीचा तुकडा देऊन लोकांना फसवल्याचे दाखले प्रोक्लसनेही नोंदले आहेत. ३० परिमितीचा समभुज त्रिकोण सुमारे ४३.३ क्षेत्रफळाचा होतो, ५, १२, १३ बाजूंचा विषमभुज ३० चा, आणि १४, १४, २ बाजूंचा समद्विभुज जेमतेम १४ चा. दोन बाजूंच्या सरासरीला निम्म्या पायाने गुणण्याचा एक स्थूल नियमही पूर्वी प्रचारात होता. ब्रह्मगुप्ताने ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त तो दिला आहे, पण स्थूल असे बजावूनच. या नियमाने ५, ५, ६ चे क्षेत्रफळ १५ येते आणि ५, ५, ८ चे २०, वास्तविक दोहोंचे १२ असताना. उत्तर नेहमी जास्तच येते, कारण शिरोलंब दोन बाजूंच्या सरासरीहून नेहमी लहान असतो. असल्या हिशोबाने शेत विकत घेणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

विषमभुज म्हणजे ओबडधोबड, ज्यात काही रीत नाही असा त्रिकोण, या शेवटच्या पूर्वग्रहाला उत्तर म्हणून ‘लीलावती’तील १३, १४, १५ बाजूंचा त्रिभुज पुरे आहे. १४ हा पाया धरला तर शिरोलंब १२ येतो, तो पायाचे ५ आणि ९ असे दोन भाग करतो, आणि क्षेत्रफळ ८४ भरते. ब्रह्मगुप्ताच्या स्थूल नियमाने हेच ९८ आले असते. त्याच्या सूक्ष्म नियमाप्रमाणे तिन्ही बाजूंच्या बेरजेचे अर्ध २१, त्यातून एकेक बाजू वजा करता ८, ७ आणि ६. या चारांचा गुणाकार ७०५६, आणि त्याचे वर्गमूळ बरोबर ८४. त्रिकोण समभुज आहे, समद्विभुज आहे की विषमभुज, याची चौकशी हा सूक्ष्म नियम कोठेही करीत नाही.