पोटावरचे जुने वळ : लेझर की सुयांचं मशीन?

बाळंतपणानंतर पोटावर उरलेले पांढरे वळ घालवायला गटातून कर्ज मिळेल का, असं आम्हाला विचारलं जातं. आधी फरक समजून घेऊ. फ्रॅक्शनल लेझर उष्णतेने कातडीला बारीक छिद्रं पाडतं. ती भरताना नवं कोलॅजन तयार होतं. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या मशीनच्या बारीक सुया कातडीच्या आत उष्णता देतात, वरचा थर कमी भाजतो. म्हणून आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडण्याचा धोका त्यात लेझरपेक्षा कमी. दोन्हींसाठी अनेक खेपा घालाव्या लागतात. वळ फिके होतात, पुसले जात नाहीत. करायचंच तर त्वचारोगतज्ज्ञांकडे, पार्लरमध्ये नको. गरोदरपणी तर नकोच. या वळांनी तब्येतीला अपाय नाही. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावा लागतो.