तंजावरची छत्रे आणि आजाऱ्याचे दिवस

तंजावरच्या मराठी राजवटीचा विचार आपल्याकडे बहुधा सरस्वती महाल ग्रंथालय, राजांची नाटके आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ चा शिलालेख एवढ्यापुरताच होतो. तेथील छत्रे धर्मादायाच्या सदरात टाकून अभ्यासक पुढे जातात. वस्तुतः आजारपण आणि श्रम यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा विचार त्या छत्रांच्या व्यवहारात आढळतो.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पत्र लिहून छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी अशी विनंती केली. आजारी पडलेल्या वाटसरूस छत्रात औषध मिळते, पथ्याचे अन्न मिळते, आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होते. बाळंतिणीस तीन महिने राहू दिले जाते, असे त्यात नमूद आहे. पत्र विनंतीचे असल्याने त्यातील चित्र उजळच असणार. तरीही मदतीचे माप औषधाच्या किमतीत न धरता दिवसांत धरलेले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

कारण मजुराच्या घरी आजार प्रथम दिवसच खातो. कावेरीच्या खोऱ्यात भातशेतीचे काम वर्षभर सारखे नसते. लावणी आणि कापणी यांच्या मोजक्या आठवड्यांत वर्षाच्या कमाईचा मोठा भाग पदरात पडतो. त्याच आठवड्यांत घरातील एक माणूस अंथरुणास खिळला, की त्याचे तास इतरांच्या अंगावर येतात. लावणी हे मुख्यतः स्त्रियांचे काम. तेव्हा बायकोने चिखलात उभे राहावयाचे की नवऱ्याच्या उशाशी बसावयाचे, हा पेच पडतो. पुष्कळदा तो थोरल्या मुलीची शाळा बुडवून सुटतो. आजारीही अंगात ताकद येण्याआधीच शेतावर परततो, आणि पुढे कित्येक दिवस त्याचे काम निम्म्यावर असते.

छत्राची ही सावली वाटसरूवर होती. छत्रास लावून दिलेल्या गावांत धान्य पिकविणारा मजूर आजारी पडला तर त्याने कोठे जावे, याविषयी ते पत्र काही बोलत नाही. पण्णैयाळाला, म्हणजे धन्याच्या शेतीशी बांधलेल्या गड्याला, आधार धन्याकडील उचलीचा. ती पुढच्या श्रमातून फेडावयाची. १९५२ च्या कायद्याने त्याला मनमानी काढून टाकण्यास आळा बसला व मजुरीचे दर ठरले. आजाराच्या दिवसांचा प्रश्न तसाच राहिला.

कर्मचारी राज्य विमा योजनेत कारखान्यातील कामगारास आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. शेतमजूर त्या वर्तुळाबाहेर आहे. त्याच्यासाठी तमिळनाडूत २००९ पासून आरोग्य विमा आला, २०१२ मध्ये त्याची नवी मुख्यमंत्री योजना झाली. रुग्णालयाचे बिल त्यातून भागते, आणि शस्त्रक्रियेपायी कर्जात बुडणाऱ्या घरास ही गोष्ट लहान नव्हे. परंतु बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही. दिवसांचा हिशेब काही अंशी दिसतो तो १९८७ मध्ये सुरू झालेल्या, पुढे मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालणाऱ्या प्रसूती साहाय्यात. गरोदरपणी बुडणारी मिळकत भरून निघावी हा त्यामागील एक हेतू. बाळंतिणीच्या तीन महिन्यांशी त्याचे नाते सहज जुळते. पुरुषाच्या तापाच्या आठवड्यास मात्र अशी सोय नाही. तो आठवडा घरातील बाईच दुसऱ्याच्या शेतात भरून काढते.