चर्च : वास्तू की मंडळी?



आजच्या भाषणासाठी मी निवडलेला शब्द आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. मुंबईस जाणारा मनुष्य चर्चगेटचे तिकीट काढतो. एके काळी मुंबईच्या किल्ल्याला एक दरवाजा होता व त्यातून सेंट थॉमसच्या चर्चकडे वाट जात असे. हे चर्च 1718 च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. पुढे 1860 नंतरच्या दशकात किल्ल्याचा तट पाडण्यात आला, त्याबरोबर दरवाजाही गेला. नाव मात्र मागे राहिले. अशा या 'चर्च' शब्दाचा अर्थ कोणी विचारला, तर आपण बहुतेक सारे एकच उत्तर देऊ : ख्रिस्ती लोकांचे देऊळ. मीही पुष्कळ वर्षे वर्गात हेच उत्तर देत असे. ते अर्धेच खरे आहे, हे मला एका विद्यार्थ्याने शिकविले.

मी फुलंब्रीचा राहणारा. आमच्या शाळेची सहल एकदा वेरूळला गेली होती. तेथील दहावे लेणे, ज्यास विश्वकर्मा किंवा 'सुतार का झोपडा' म्हणतात, ते चैत्यगृह आहे. दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा, मध्ये लांबट दालन, अर्धवर्तुळाकार शेवट व तेथे स्तूपापुढे बसलेले भगवान बुद्ध. जेम्स फर्ग्युसनसारख्या ब्रिटिश संशोधकांना अशा चैत्यगृहांची रचना चर्चच्या रचनेशी जुळणारी वाटली, हे मी मुलांना सांगितले. तेव्हा एकाने विचारले, "गुरुजी, चर्च म्हणजे काय?" मी माझे ठराविक उत्तर दिले. त्यावर वर्गातील एक ख्रिस्ती मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्या गावात चर्च आहे, पण देऊळ नाही. ते आमच्या ओसरीवर भरते." सारी मुले हसली. खेदाने सांगतो, मीही हसलो, आणि "चर्च भरत नसते, बांधलेले असते," असे म्हणून त्याची चूक दुरुस्त केली. तो मुलगा गप्प झाला. चूक कोणाची होती, हे मला पुढे वाचनात कळले. मी काही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शिक्षक आहे. जे वाचले तेच आज आपणांपुढे ठेवतो.

चर्च हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप 'चिरिचे' असे होते. जर्मन भाषेतील 'किर्खे' व स्कॉटलंडातील 'कर्क' ही त्याचीच भावंडे. या सर्वांचे मूळ ग्रीक 'कुरिआकोन' या शब्दात सापडते. 'कुरिओस' म्हणजे प्रभू, धनी. म्हणून कुरिआकोन म्हणजे प्रभूचे, अर्थात प्रभूचे घर. आपला 'देऊळ' शब्द 'देवकुल' यापासून आला. त्याचाही अर्थ देवाचे घर असाच. इतकेच नव्हे, तर हा ग्रीक 'कुरिओस' आणि आपला संस्कृत 'शूर' हे एकाच धातूचे वंशज असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. येथवर माझे उत्तर बरोबर होते.

परंतु ख्रिस्ती धर्मग्रंथात हा शब्द ज्या ठिकाणी घातला जातो, तेथे मूळ ग्रीकात निराळाच शब्द आहे. तो 'एक्लेसिया'. त्याचा अर्थ, बोलावून जमविलेले लोक. अथेन्स नगरात युद्ध, तह व कायदे यांचा निर्णय करण्यासाठी नागरिकांची जी सभा भरे, तिला एक्लेसिया म्हणत. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मेळ्यास हेच नाव घेतले. त्यांच्याजवळ वास्तू नव्हतीच. ते कोणाच्या तरी घरी जमत. संत पौलाच्या पत्रांत अमक्याच्या घरी जमणाऱ्या एक्लेसियाला नमस्कार कळविलेला आहे. म्हणजे ओसरीवर भरणारे चर्च हेच मूळचे चर्च!

शब्दांचे दैव मात्र विचित्र असते. एक्लेसियापासून पोर्तुगीजांचा 'इग्रेजा' झाला आणि 1510 साली त्यांनी गोवे घेतल्यानंतर तो 'इगर्जी' होऊन आपल्याकडे रुजला. मूळ अर्थ लोकांची सभा. पण आपल्याकडे इगर्जी म्हटले की पांढरी भिंत व घंटा डोळ्यांपुढे उभी राहते. उलट चर्च मूळचे घर, तर त्याला सभेचा अर्थ येऊन चिकटला.

मध्ययुगीन इंग्लंडात तर त्या एका शब्दात कितीतरी अर्थ मावू लागले. चर्च म्हणजे वास्तू, तेथील उपासना, सारा ख्रिस्ती समाज. आणि चर्च म्हणजे धर्माधिकाऱ्यांचा वर्गही. या वर्गाची स्वतःची न्यायालये होती, विवाहाचे व मृत्युपत्रांचे तंटे त्यांपुढे चालत, आणि शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा दशांश चर्चला द्यावा लागे. अशा शेतकऱ्याला 'तू स्वतःच चर्च आहेस' असे कोणी सांगितले असते, तर ते त्याला खरे वाटले असते काय?

हे सांगण्याचे धाडस विल्यम टिंडेल या विद्वानाने केले. त्याने नव्या कराराचे ग्रीकावरून इंग्रजी भाषांतर करून 1526 मध्ये छापविले आणि एक्लेसियासाठी चर्च हा शब्द टाळून 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेले लोक, हा शब्द योजला. सर थॉमस मूर यांनी या शब्दावर कडक हल्ला चढविला. त्यांना भय वाटले ते असे की, शब्द बदलला तर अधिकारच डळमळेल. टिंडेल पुढे पकडला गेला आणि 1536 साली पाखंडी ठरवून त्याला गळा आवळून मारण्यात आले व त्याचा देह जाळण्यात आला. त्याच्यावरील आरोप अनेक होते. पण त्या शब्दाची धास्ती त्याच्यामागेही उरली. जेम्स राजाच्या आज्ञेने जे भाषांतर 1611 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच्या भाषांतरकारांना स्पष्ट नियम घालून दिला होता की जुने धर्मशब्द राखावे. चर्चऐवजी काँग्रिगेशन लिहू नये.

आता आपल्या मराठीकडे वळू. मराठी बायबलात एक्लेसियासाठी शब्द आहे 'मंडळी'! किती घरगुती शब्द! आपण घरातील मंडळी म्हणतो, पंक्तीला बसलेली मंडळी म्हणतो. जुने लोक तर पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असा करीत. इंग्रजीत जो अर्थ मांडणे एवढे जोखमीचे ठरले, तो आपल्या भाषेत अगदी सहज येऊन बसला.

तथापि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एवढ्याने समाधान झाले नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान होते. दरबार म्हटला की धनी आला आणि जमलेले लोकही आले. कुरिआकोन व एक्लेसिया हे दोन्ही अर्थ या एका शब्दात एकत्र नांदतात, असे मला वाटते. 1919 मध्ये टिळक निवर्तले व तो प्रयोग फार फोफावला नाही. पण शब्दाची निवड किती विचारपूर्वक होती, हे ध्यानी घ्यावे. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास सहा ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्या दिवशी कोणतेही देऊळ बांधले गेले नाही. एकत्र आली ती माणसे.

वेरूळच्या त्या लेण्यापुढेही हाच विचार मनात येतो. भिक्षूंचा संघ तेथून केव्हाच गेला, चैत्यगृह राहिले. वास्तू माणसांहून जास्त टिकते, म्हणून आपण नाव तिला देतो आणि ज्यांच्यासाठी ती उभारली त्यांना विसरतो.

त्या मुलाची गाठ मला पुन्हा पडली नाही. आज तो कोठे ही वाणी ऐकत असेल, तर त्याच्या गुरुजींनी आपले उत्तर दुरुस्त केले आहे, एवढे त्याने जाणावे. आणि आपणही पाहा : आपण सारे एका छपराखाली नाही, एकमेकांस दिसतही नाही, तरी प्रथेप्रमाणे मी आपणांस 'श्रोते मंडळी' म्हणून नमस्कार करतो, आणि तो शब्द कोणासही चुकीचा वाटत नाही.